दाजींच्या फडक्यातली भाकर

चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीला औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तेव्हा आमच्या वस्तीत जो तो दुसऱ्याच्या तोंडात पेढा कोंबत होता. मीही एक पेढा घेऊन दाजींना शोधत वस्तीभर हिंडले. सोळा वर्षं या नावासाठी झिजलेला माणूस, त्याचं तोंड गोड करायचा मान मेहुणीचा नाही तर कुणाचा? पण दाजी गायब. शेवटी अक्कानं सांगितलं, "ते कवाच गेले स्टँडवर. बोरीला जायलेत." मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन हे गृहस्थ जिंतूरच्या गाडीत बसले होते. बोरीत सरजाबाई नावाची एक म्हातारी होती. आनंदाच्या दिवशी पहिला घास तिच्या हातचा, हे दाजींचं ठरलेलं. माझा पेढा मग मीच खाल्ला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलअक्काचे नवरे. नाव मुंजाजी. मूळचे पेडगावचे, पण पोट परभणीच्या मोंढ्यात. हमाली करायचे. ज्वारीच्या पोत्यांखाली वाकून वाकून मान पुढे आली होती, त्यामुळे उभे राहिले तरी काहीतरी शोधत असल्यासारखे दिसायचे. मेहुणीनं थट्टा करावी आणि दाजींनी हसून घ्यावं, हा आपल्याकडचा रिवाज. पण हा माणूस हसायचा नाही. मी तोंडाची टकळी चालवून चालवून थकले की म्हणायचे, "सुला, झालं का तुजं? मंग जरा पानी दे." असला दगड माझ्या अक्कानं कसा पदरात पाडून घेतला, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं.

पण दगड असला तरी खरा होता.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला. ठराव मुंबईत झाला आणि आग आमच्याकडे लागली. वस्त्या जळल्या, माणसं मारली गेली, कुठे पाणी तोडलं, कुठे मजुरी बंद केली. त्या दिवसांबद्दल मला आजही शांतपणे बोलता येत नाही, म्हणून इथे फार बोलत नाही. त्यानंतर आमच्या पोरांनी परभणीत 'भीम जागर दल' काढलं. मी बालवाडीत शिकवायचे, बायकांच्या बैठका माझ्याकडे आल्या. दाजी पोरांपेक्षा वयानं मोठे, जेमतेम सही करणारे, पण पहिल्याच बैठकीत त्यांनी एक गोष्ट धरून ठेवली. "सरकारला नाव मागायच्या आदी आपलं वागनं नीट पायजे. न्हाई तर बाबासायबाचं नाव घ्यायला आपल्याला तोंड न्हाई."

मग दलाचे नेम ठरले. दारू प्यायची नाही. बायकोवर हात उचलायचा नाही. हुंडा घ्यायचा नाही, द्यायचा नाही. पोलिसांत, कोर्टात किंवा आपापसांत खोटं बोलायचं नाही, समोरचा कितीही खोटा असला तरी. माणसामाणसांत भेद करायचा नाही. आणि यातलं काही मोडलं, तर रविवारी वंदना झाल्यावर विहारात उठून आपल्या तोंडानं सांगायचं. एवढंच नाही, तर ज्याचं मन दुखवलं त्याच्या दारात जाऊनही सांगायचं. नेम सांभाळायचा जिम्मा दाजींवर आला. पोरं त्यांना पाठीमागे 'जमादार' म्हणायची. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

भाकरीचा नेम मात्र दाजींचा स्वतःचा. दलाची माणसं गावोगावच्या वस्त्यांत जायची, तेव्हा लोक त्यांना उपाशी कसे पाठवतील? देवगाव फाट्याजवळच्या एका वस्तीत दगडाबाई नावाच्या विधवेनं दलाच्या लोकांसाठी घरातली अंडी देणारी कोंबडी कापली. सगळे जेवले, हात धुतले, भाषणं झाली. दाजी चूळ भरायला मागच्या अंगाला गेले, तर त्या बाईची पोरगी रिकाम्या पातेल्यात बोट फिरवून चाटत होती. दाजी पुढच्या बैठकीत उठून म्हणाले, "आपुन लोकाईला जागं कराया जातो का त्यांच्या लेकराच्या तोंडचं खाया जातो? हितून पुढं ज्यानं त्यानं आपली भाकर आपल्या फडक्यात बांधून न्यायची. कामावर गेल्यावर कुनाच्या घरी जेवायचं न्हाई." ऐकून सगळ्यांच्या माना खाली गेल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा अक्काच्या पसंतीचा अभिमान वाटला.

तेव्हापासून अक्का पहाटे भाकरी थापायची, वर मिरचीचा ठेचा आणि कांदा, आणि दाजी फडक्याला गाठ मारून निघायचे. नेम इतका कडक की आमचा भुजंग सेलूला दलाच्या कामाला गेला आणि कुणाच्या तरी मांडवात जिलेबी खाऊन आला, तर त्याला रविवारी उभं केलं. भुजंग कारकून, कायदा काढायची सवय. म्हणाला, नेम भाकरीचा आहे, जिलेबीचा कुठे आहे? दाजी म्हणाले, "गोड हाय म्हनून माफ न्हाई." विहारात सगळे पोट धरून हसले, पण भुजंगाला उभं राहावं लागलंच.

आता एक गोष्ट सांगते, ती लक्षात असू द्या. परभणीत दत्तराव नावाचे एक वकील होते. वरच्या जातीचे, पण नामांतराच्या बाजूनं उघडपणे बोलणारे, आणि त्यासाठी आपल्याच लोकांच्या शिव्या खाणारे. जळीताच्या खटल्यांचं काम त्यांनी घेतलं होतं. एकदा कागद समजून घ्यायला दाजी त्यांच्याकडे गेले, तर वकिलांनी त्यांना आपल्या शेजारी पाटावर बसवून जेवू घातलं. वकीलबाईंनी स्वतः पुरणपोळी वाढली. हसणं माहीत नसलेला हा माणूस त्या दिवशी घरी हसत आला. "बाईनं वाटीत तूप वतलं. आजून एक घ्याच म्हन्ल्या. आन् ताट त्यांच्याच ताटावानी, पितळंचं!" चार दिवस हेच. ऐकून आमच्या सगळ्यांची छाती फुगली होती. ज्यांच्या वाड्यात आमच्या बापजाद्यांनी अंगणाच्या पुढे पाय टाकला नाही, तिथे आमचा हमाल पाटावर बसून जेवला! भाकरीचा नेम तेव्हा कुणालाच आठवला नाही. दाजींनाही नाही.

एकोणऐंशी साल संपत आलं, तेव्हा औरंगाबादेवर मोठा मोर्चा न्यायचं ठरलं. बोरीतल्या आपल्या वस्तीतले लोक यायला तयार होते, पण थोडे होते, आणि मागच्या वर्षीच्या मारानं घाबरलेले होते. गावच्या दुसऱ्या टोकाला मातंगांची वस्ती. तेव्हा आम्ही मांगवाडाच म्हणायचो. ते सोबत आले तर बोरीचे लोक उजळ माथ्यानं निघणार होते, नाही तर घरातच बसणार होते. पण आमच्यात आणि त्यांच्यात सोयरीक नव्हती, जेवणाचं येणंजाणं नव्हतं, पाणीसुद्धा वेगळं. वरच्यांनी आम्हाला जिथे उभं केलं होतं, तिथूनही खाली बघायला आमच्यासाठी कुणीतरी शिल्लक ठेवलं होतं, आणि आम्ही बघत होतो. खोटं कशाला सांगू? तरीही मागच्या वर्षी जाळपोळ झाली, त्या दिवशी आपल्या काही बाया लेकरं घेऊन पळाल्या, तेव्हा त्यांना घरात घेऊन दार लावलं ते मांगवाड्यातल्या सरजाबाईनं. म्हणून मोर्चाचं बोलायला दाजी आणि मी तिच्याच दारात गेलो.

सरजाबाई पिकल्या केसांची, केरसुण्या बांधून विकणारी बाई. वस्तीत तिचा शब्द चालायचा. तिच्या दारातल्या लिंबाखाली माणसं जमली. दाजी तसे चांगले बोलणारे नव्हते, पण त्या दिवशी मनापासून बोलले. "नाव एका मानसाचं हाय, पर मार आपल्या सगळ्याईच्या पाठीवर पडलाय," असं म्हणाले, तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा मान डोलवायला लागली. सरजाबाई म्हणाली, "आमी येऊत. बाया बी येतेल." मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

मग ती आत गेली आणि ताटल्या घेऊन बाहेर आली. ज्वारीच्या भाकरी, अंबाड्याची भाजी. "बसा लेकरांनो. लय लांबून आलात. खाऊन जा."

दाजींनी आपलं फडकं काढलं.

"मावशी, आमची भाकर आमच्यापाशी हाय. आमी कुनाच्या घरी खात न्हाईत. दलाचा नेम हाय तसा."

"नेम म्हंजी?"

"गरिबाच्या चुलीवर वझं टाकायचं न्हाई."

"वझं तर म्या घेतलं बी अंगावर," सरजाबाई हसून म्हणाली. "भाकरी झाल्यात. आता काय परत चुलीत घालू?"

ती अजून हसत होती. तेव्हाच घास घेतला असता तर सगळं निभावलं असतं. मला तर अशी भूक लागली होती की त्या अंबाड्याच्या वासानं जीव कासावीस होत होता. पण जमादारासमोर कोण हात घालणार? दाजी म्हणाले, "नेम समद्याला सारखा हाय, मावशी."

सरजाबाईचं हसू गेलं. तिनं ताटली खाली ठेवली.

"समद्याला? म्हंजी तुमी कुनाच्याच घरी खाल्लं न्हाई?"

नाही म्हटलं असतं तर बोरीत कोण शोधायला येणार होतं? पण खोटं न बोलायचा नेमही याच माणसाचा. दाजींची मान आणखी खाली गेली.

"एकदा खाल्लं. परभनीत. वकिलाच्या घरी."

"कोन हायत वकील?"

दाजींनी वकिलांची जात सांगितली.

"मंग वरच्याच्या पाटावर बसताना नेम आडवा येत न्हाई," सरजाबाई म्हणाली. "आमच्या दारातच येतोय. गेल्या साली तुमच्याकडं जाळ झाला, तवा तुमच्या बाया माह्याच घरात आल्त्या. त्यास्नी पानी म्याच पाजलं. तवा कुनी नेम सांगितला न्हाई मला."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं एकेक ताटली उचलली, सुनेच्या हातात दिली आणि आत निघून गेली. माणसं उठली. एकजण जाताना म्हणाला, "मोर्चा तुमचा हाय. तुमीच जा."

गाडीत दाजींनी फडकं सोडलं नाही, तसंच घरी आणलं. अक्कानं न खाल्लेल्या भाकरी बघितल्या आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. दाजी मध्येच बोलले, "म्या नेमाला धरून वागलो, कमल. त्या घरात खायला पुरंसं न्हाई, दिसत व्हतं मला."

माझी अक्का कधी नवऱ्याला उलटून बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी बोलली. "पुरनपोळीच्या दिशी फडकं कुटं व्हतं? मीच बांधून दिल्तं की. खुटीला टांगून गेल्तात." मग भाकरी टोपल्यात ठेवत तिनं हळूच विचारलं, "नेम नसता, तर खाल्लं असतं का तिच्या हातचं?"

दाजी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला त्यांचा राग आला होता, फार राग, कारण जुळलेली वस्ती एका घासापायी हातची गेली होती. पण ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून बसलेल्या त्या माणसाला बघितलं आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

रविवारी वंदना झाली. कुणाला काही सांगायचं आहे का, असं दाजीच दर वेळी विचारायचे. त्या दिवशी विचारलं नाही. स्वतःच पुढे येऊन उभे राहिले.

"म्या नेम मोडला," ते म्हणाले. "भाकरीचा न्हाई. भेदाचा."

भुजंग उठला. म्हणाला, "दाजी, तुम्ही तर नेमानंच वागलात. वकिलाकडची गोष्ट मोर्चाच्या आधी कशाला उकरायची? गावातले लोक हसतील, म्हणतील यांच्यातच भांडणं आहेत. मोर्चा होऊ द्या, मग बघू." पुष्कळांना ते पटलं. खरं म्हणजे सगळ्यांना ते पटवून घ्यायचंच होतं, कारण त्यातले कितीतरी जण मांगवाड्यात जेवले नसते.

दाजी म्हणाले, "बस खाली. कमलनं मला इचारलं, नेम नसता तर खाल्लं असतं का. म्या लय इचार केला. लहानपनी मांगवाड्यातून खेळून आलो की माही माय मला दारातच उभं करून अंगावर पानी वतायची, मंग घरात घ्यायची. धम्म घेतला, देव सोडले, पर ते पानी आजून अंगावरून वाळलं न्हाई. सरजाबाईनं ताटली पुढं केली आन् माहा हात आपोआप फडक्याकडं गेला. नेम मला मागून आठवला. हात आदी गेल्ता."

विहारात बसलेल्या बायांमध्ये कुणीतरी डोळ्यांना पदर लावला. मीही लावला, सांगायला लाज कसली?

"आता तिच्या दारात जाऊन हे सांगायचं ऱ्हायलंय," दाजी म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्याच दिवशी मोंढ्यातलं काम बुडवून ते बोरीला निघाले. अक्का सोबत निघाली, आणि मी हट्टानं गेले. अक्कानं भाकरी बांधल्या होत्या. वाटेत दाजींनी मला बजावलं, "तू मदी बोलू नको. तुजं तोंड लय चालतंय." खरंच होतं ते.

सरजाबाई दारात शिंदीचे फडे घेऊन केरसुणी बांधत होती. तिनं आम्हाला बघितलं, बसा म्हटलं नाही, हातातलं काम थांबवलं नाही. दाजी उभेच राहिले. विहारात सांगितलं ते सगळं त्यांनी सांगितलं. आईनं ओतलेलं पाणी, आपोआप गेलेला हात, काही सोडलं नाही. "मोर्चाला या म्हनून आलो न्हाई, मावशी," ते शेवटी म्हणाले. "गुन्हा कबूल कराया आलो. तुमच्या हातची भाकर म्या नाकारली. आज द्याल तर खाईन."

सरजाबाईनं केरसुणीची गाठ आवळली, ती बाजूला ठेवली आणि दाजींच्या तोंडाकडे बघितलं.

"आज कुटून देऊ?" ती म्हणाली. "चूल पेटली न्हाई आज. त्या दिशी तुमी येनार म्हनून व्हतं नव्हतं ते पीठ थापलं. तवापासून एक केरसुनी गेली न्हाई बाजारात."

मला दगडाबाईचं ते पातेलं आठवलं. म्हणजे भाकरीचा नेम खरा होता, आणि सरजाबाईचं दुखणंही खरं होतं, आणि या दोन्हींच्या मध्ये माझे दाजी रिकामे हात घेऊन उभे होते. तेवढ्यात अक्का पुढे झाली. तिनं फडकं सरजाबाईसमोर ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, ही माह्या घरची हाय. तुमी खा."

मला वाटलं, आता ही बाई फडकं लाथेनं उडवणार. उडवलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

सरजाबाई उठली. रांजणातल्या पाण्यानं तिनं हात धुतले आणि परत येऊन खाली बसली. फडक्याची गाठ सोडली, भाकर घेतली, मधोमध मोडली, अर्ध्या भाकरीवर ठेचा ठेवला आणि तो तुकडा दाजींच्या हातावर ठेवला.

"घे," ती म्हणाली. "आता ही माह्या हातची."

दाजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. घास तोंडात घातला. पोत्याखाली गुडघे दुखले तरी कधी कुरकुर न केलेला हा माणूस लहान पोरासारखा रडत होता, आणि रडत रडत चावत होता. सरजाबाईनं उरलेला अर्धा तुकडा स्वतः मोडून खायला घेतला, दुसरी भाकर अक्काच्या आणि माझ्या हातावर अर्धी अर्धी ठेवली, आणि पाण्याचा तांब्या दाजींकडे सरकवला.

"सावकाश खा, ठसका लागंल," ती म्हणाली. "आन् सांग आता, मोर्चा कवा हाय?"